डेटनेटमध्ये नाव नोंदवण्याआधी

युरोपात भांडी घासण्याचा द्रव साबण विकणाऱ्या छोट्या उत्पादकाने डेटनेट या डिटर्जंट उद्योगाच्या सामायिक माहितीसंचात सामील व्हावे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते व्हावे, पण आपले सूत्र तपासून मगच. सीएलपी, म्हणजे रसायनांचे वर्गीकरण, लेबल आणि वेष्टन यांविषयीच्या युरोपीय नियमावलीच्या गणनापद्धतीनुसार डोळ्यांना गंभीर इजा करणाऱ्या वर्गातील घटकांची बेरीज ३ टक्क्यांवर गेली, की सगळे मिश्रणच त्या वर्गात मोडते. आधीच्या निर्देशात ही मर्यादा १० टक्के होती. द्रव साबणातील सर्फॅक्टंट (मळ सोडवणारे घटक) बरेचदा याच वर्गातले असतात आणि त्यांचे प्रमाण याहून सहज जास्त असते, त्यामुळे निव्वळ गणनेवर विसंबल्यास साध्या साबणाच्या बाटलीवरही क्षरणाचे (त्वचा वा डोळे जाळणाऱ्या पदार्थाचे) तेच चिन्ह येते, जे तुंबलेला पाइप मोकळा करणाऱ्या कॉस्टिक सोड्यावर असते. (मग ग्राहकाने फरक ओळखावा तरी कसा?)

डेटनेटचा उपयोग इथे होतो. चाचणी झालेल्या उत्पादनांशी आपल्या मिश्रणाचे पुरेसे साम्य दाखवता आले, तर प्राण्यांवर नव्या चाचण्या न करता त्या माहितीच्या आणि तज्ज्ञांच्या निर्णयाच्या आधारे वर्गीकरण ठरवता येते. मात्र साम्य म्हणजे ढोबळ सारखेपणा नव्हे. सर्फॅक्टंटचे प्रकार, त्यांचे प्रमाण आणि सामू (pH) हे सारे जुळावे लागते. वर्गीकरणाची कायदेशीर जबाबदारीही उत्पादकाचीच राहते. शिवाय हा संच त्वचा आणि डोळ्यांचा दाह व क्षरण यांपुरताच आहे. आयसोथायाझोलिनोन गटातील परिरक्षकांमुळे होणाऱ्या त्वचेच्या अ‍ॅलर्जीचे मूल्यमापन वेगळेच करावे लागेल.