नेपाळी नोटेवरच्या फुलामागे कोण आहे?

भटकी_मावशी: पशुपतिनाथाहून परत आलो. सुट्ट्या पैशांत एक जुनी नेपाळी नोट आली. समोर सागरमाथा (आपला एव्हरेस्ट), उजवीकडे गुरांसाचं (ऱ्होडोडेंड्रॉनचं) लाल फूल. नातवानं ती उजेडासमोर धरली, तर फुलाआड माणसाचा चेहरा! खोटी आहे का? आणि गाइड म्हणाला, १०४ वर्षं राजाला कुणी विचारत नव्हतं. मग राज्य कोण करत होतं?

निवृत्त_कॅशिअर: नोट खरी आहे. माझा जन्म नोटा उजेडाला धरण्यात गेला, माझ्यावर सोडा. २००७ साली राजाचं चित्र काढून सागरमाथा आला, पण कागद आधीचाच होता, राजा ज्ञानेंद्रांचं जलचिन्ह असलेला. तो फुकट कोण घालवणार? वर फूल छापून मोकळे झाले.

१०४ वर्षं म्हणजे राणा पंतप्रधानांची. १८४६ साली काठमांडूच्या कोतात, म्हणजे शस्त्रागाराच्या आवारात, एका रात्रीत दरबारी सरदारांची कत्तल झाली आणि जंगबहादूर राणा वर आला. शहा राजा 'श्री ५' म्हणून गादीवर, कारभार मात्र 'श्री ३' राणांकडे. साताऱ्याची गादी आणि पुण्याचे पेशवे आठवा.

शनिवारपेठी: तुलना पटली नाही. पेशव्यांनी असा कोत केला नव्हता.

निवृत्त_कॅशिअर: मान्य. शिक्का एकाचा नि कारभार दुसऱ्याचा, एवढंच म्हणायचं होतं.

खरी गंमत पुढे आहे. नोव्हेंबर १९५० मध्ये राजा त्रिभुवन कुटुंबासह भारतीय वकिलातीत आश्रयाला गेले. एक नातू तेवढा मागे राहिला, वय वर्षं तीन. राणांनी त्यालाच गादीवर बसवलं, त्याच्या नावानं नाणीही पाडली. तीनेक महिन्यांत आजोबा राजा म्हणून परतले, १९५१ मध्ये राणाशाही संपली, पोराचं राज्यही गेलं. तो पोरगा म्हणजे ज्ञानेंद्र! २००१ च्या राजवाड्यातल्या हत्याकांडानंतर पुन्हा गादीवर आले, २००५ मध्ये सगळी सत्ता हातात घेतली, पुढच्याच वर्षी लोक रस्त्यावर उतरले. २८ मे २००८ ला संविधानसभेनं ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही मोडीत काढली.

भटकी_मावशी: अगं बाई, म्हणजे दोनदा राजा आणि दोनदा माजी! आणि एका खोऱ्यात तीन-तीन दरबार कशाला?

शनिवारपेठी: भाऊबंदकी, दुसरं काय! १४८२ मध्ये खोऱ्याचा राजा यक्ष मल्ल गेला आणि पुढे काठमांडू, पाटण, भक्तपूर अशा तीन चुली झाल्या. गोरखाच्या पृथ्वीनारायण शहानं १७६८ ला ऐन इंद्रजात्रेत काठमांडू घेतलं. त्याहून जुनं बघायचं तर चांगुनारायणाच्या देवळातला लिच्छवी राजा मानदेवाचा शिलालेख, इ.स. ४६४ चा. तिथे गेलात की नाही?

भटकी_मावशी: नाही हो, यात्रा कंपनीनं तो वेळ शालींच्या दुकानात घालवला. नातू नोट लॅमिनेट करू म्हणतोय.

निवृत्त_कॅशिअर: अजिबात नको! वहीत सरळ ठेवा. आणि इस्त्रीही फिरवू नका.