आप्पांची पेटी कुणाकडे?

मोठे काका: सर्वांना नमस्कार. पुढच्या महिन्यात बिल्डिंग रिकामी करायची आहे. आप्पांची वंशावळीची पत्र्याची पेटी भाड्याच्या जागेत मावणार नाही. प्रत्येकाने थोडं थोडं वाटून घ्यावं म्हणतो.

सुमाआत्या: वाटून? दादा, भांडी आहेत का ती?

अमेय: काका, वाटलं की गेलं. रामकुंडावरच्या उपाध्यायांच्या वहीतून आप्पांनी जे उतरवून आणलंय, त्याच्या समासात ‘पाकीट ७ पाहा’ असं आहे. पाकीट ७ बंगळुरूला गेलं तर बघायचं कुणी?

धाकटे काका: मी सगळं लॅमिनेट करून देतो. आपल्या ओळखीचा आहे.

अमेय: नको काका, लॅमिनेशन परत सुटत नाही. सेलोटेपही नको. टाचण्या मात्र काढा, गंजल्यात.

मावसकाका: 🌹 शुभ सकाळ 🌹

वैशालीवहिनी: स्कॅन करून ड्राइव्हवर टाकलं की झालं ना?

अमेय: स्कॅन हवंच. पण वहिनी, मी उद्या नसलो तर पासवर्ड कुणाकडे? मूळ कागदांसाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला विचारू या. १९१० पासून आहे. मंडळाचे संस्थापक, इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरचे असलेच कागद गोळा करायचे. पण न विचारता पेटी नेऊन टेकवायची नाही. आधी यादी: काय आहे, कुठल्या सालचं, आप्पांना कुणाकडून मिळालं.

मोठे काका: आणि मोडी कोण लावणार? शके १८२६ चं खरेदीखत आहे.

अमेय: म्हणजे १९०४.

सुमाआत्या: मी लावते. आप्पांनी शिकवलीय. चष्मा बदलायचा राहिलाय तेवढा.

सुमाआत्या: पण एक विचारू? त्या वंशावळीत आम्ही तिघी बहिणी आहोत कुठे? सात पिढ्यांचे पुरुष आहेत, आणि आईच्या जागी नुसतं ‘भार्या’.

मोठे काका: तेव्हा तशीच पद्धत होती गं.

सुमाआत्या: माहितीय. म्हणूनच आता लिहिणार.

अमेय: लिही आत्या, पण मूळ पानावर नको. वेगळा कागद जोड, खाली तुझं नाव आणि तारीख घाल. म्हणजे आप्पांचं कुठलं आणि तुझं कुठलं ते पुढच्याला कळेल.

धाकटे काका: त्यात एक दत्तकाचं पत्र आहे. ते बाहेर जाता कामा नये.

अमेय: बरोबर. हयात माणसांचं सगळं वेगळ्या पाकिटात. त्यांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

वैशालीवहिनी: बांधायला प्लास्टिकच्या पिशव्या आणू?

अमेय: नको, ओल धरते. धुतलेलं सुती कापड. पेशवे दप्तरात गठ्ठ्याला रुमालच म्हणतात.

मोठे काका: ठीक. कसर लागू नये म्हणून पेटी सकाळपासून गॅलरीत उन्हात उघडून ठेवली आहे.

अमेय: काका 🙏 आधी आत घ्या! शाई उडेल.

मोठे काका: घेतली. तीन नंबरच्या पाकिटावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. आत्ताचा नाही, जुना आहे.

सुमाआत्या: आप्पांचाच तो. यादीत लिही.