मदत हवी आहे : रब्बी नाखमन यांची हरवलेल्या राजकन्येची गोष्ट सांगायची आहे

आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात युक्रेनमधल्या ब्रात्स्लावच्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) नाखमन (1772–1810) यांची एक गोष्ट सांगायची आहे. हे हसिदी या ज्यू भक्तिपंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव यांचे पणतू. 1806 पासून त्यांनी अशा लांबलचक गूढकथा सांगायला सुरुवात केली. ही त्यातली पहिली.

राजा रागाच्या भरात लाडक्या मुलीला नको ते बोलतो, सकाळी ती गायब. प्रधान शोधायला निघतो आणि ती सापडतेही! सुटकेसाठी त्याने वर्षभर तिचा ध्यास घ्यायचा, शेवटच्या दिवशी उपास आणि जागरण करायचं. नेमकं त्याच दिवशी तो सफरचंद खातो नि झोपतो. दुसऱ्या खेपेला दारू वर्ज्य, तर तो दारूच्या वासाच्या झऱ्याचं पाणी पितो, आणि सत्तर वर्षांची झोप. तो झोपलेला असताना ती येते नि जाताना ओढणीवर आसवांनी निरोप लिहून जाते. अखेर तो तिला सोडवतो, पण कसं, हे नाखमन सांगतच नाहीत.

राजकन्या म्हणजे शेखिना, निर्वासित झालेलं देवाचं सान्निध्य, असा अर्थ काढतात. हे आधी सांगावं की नंतर? मला तर आधी सांगितलं की मजाच जाते असं वाटतं. श्रोते बहुतेक साठीपुढचे, हरिकथेत मुरलेले. त्यांना निरूपण लागतंच.

दुसरं, बेने इस्रायल (कोकणातले मराठीभाषक ज्यू) मंडळींनी मराठीत कीर्तनं केली आहेत. त्या धर्तीवर पूर्वरंग-उत्तररंग बसवता येईल का? कुणी ती ऐकली असतील तर चाली, पदं, काहीही कळवा. आणि या कथांचा मराठी अनुवाद कुणाच्या पाहण्यात आहे का?