कर्लिंगमधलं हॅमर, गार्ड, हॉग लाईन काय असते?

धुऱ्यावरून (आर्वी):
गव्हाले पाणी द्यायची पाळी रात्रीचीच हाय, लाईनच रात्री असते. मोटार चालू करून धुऱ्यावर बसतो अन् मोबाईलवर कर्लिंगच्या (बर्फावर दगड सरकवायचा खेळ) मॅचेस पाहत रायतो. नाद लागला बाप्पा! पण कॉमेंट्रीवाला हॅमर, गार्ड, हॉग लाईन म्हणते ते डोक्यावरून जाते. अन् एका कॅप्टननं शेवटचा दगड मुद्दाम आरपार बाहेर घालवला. एक गुण मिळत होता, तोही सोडला. काहून?

पीटीमास्तर (मोर्शी):
कॅप्टन नाही, स्किप म्हणा. अन् आधी हॅमर समजून घ्या, बाकीचं त्याच्यामागं येते.

एका डावाले एंड म्हणतात. चार खेळाडू, दरेकाचे दोन दगड, दोन्ही टीमा आळीपाळीनं टाकतात. म्हणजे एका एंडात १६ दगड. शेवटचा ज्याचा, त्याच्याकडं हॅमर. गोल म्हणजे हाऊस, त्याच्या मधोमध बटन. हाऊसमधे बटनाच्या सगळ्यात जवळ ज्याचा दगड, त्यालेच गुण, दुसऱ्याले भोपळा. समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या दगडापेक्षा आत जितके दगड, तितके गुण.

आता खरी गोम. गुण घेतला की पुढच्या एंडात हॅमर समोरच्याकडं जाते. कोणालेच गुण नाही, म्हणजे ब्लँक एंड, तर हॅमर जिथल्या तिथं. तुमच्या स्किपनं एका गुणासाठी हॅमर सोडला नाही, पुढच्या एंडात दोन घ्यायचा त्याचा डाव होता. हॅमर हाती असून एकच गुण मिळणं म्हणजे जवळपास नुकसानच.

हॉग लाईन म्हणजे बर्फावरची आडवी रेष, अशा दोन असतात. अलीकडची यायच्या आत दगड हातातून सोडा लागते, अन् पलीकडची पूर्ण ओलांडली नाही तर दगड उचलून बाजूले. (दुसऱ्या दगडाले धडकून अडला असेल तर राहू देतात.) वेट म्हणतात ते फेकीच्या जोराले. दगडाचं वजन वेगळं, ते २० किलोच्या आतच.

धुऱ्यावरून:
सर, भारीच सांगितलं! पण हाऊससमोर आडवा ठेवलेला दगड, तोच गार्ड ना? मग समोरचा तो लगेच उडवत काहून नाही?

पीटीमास्तर:
उडवता येत नाही! एंडातले पहिले पाच दगड होईपर्यंत हॉग लाईन अन् हाऊसच्या मधातला समोरच्याचा गार्ड खेळाबाहेर घालवला, तर तो परत जागेवर ठेवतात अन् तुमचा दगड जाते. सहाव्यापासून मोकळीक. मले तर सारी मजा इथंच वाटते. गार्डच्या आडून वळवून दगड बटनावर नेणारा खेळाडू पाहा, नुसते टेकआऊट मारणाऱ्याले काय पाहता!

रात्रपाळी (दर्यापूर):
टेकआऊट म्हणजे कॅरमसारखं दुसऱ्याचं उडवणंच ना? अन् ते झाडू कायले मारतात, बर्फ तर साफच दिसते.

पीटीमास्तर:
हो, उडवणंच. अन् बर्फ गुळगुळीत नसते भाऊ. पाण्याचे थेंब शिंपडून त्यावर बारीक दाणे गोठवतात, त्याले पेबल म्हणतात. जोरानं घासलं की वरचा थर जरासा तापते, घर्षण कमी होते. दगड लांब जाते अन् कमी वळते. स्किप 'हरी, हार्ड' (लवकर, जोरानं) ओरडते ते घासणाऱ्याईसाठी.

अन् हो, मिक्स डबल्स (एक बाई, एक माणूस अशी जोडी) पाहत असाल तर ब्लँक एंडचा वरचा हिशोब तिथं लावू नका. तिथं ब्लँक केलं तर हॅमर उलट हातचा जाते.