निऑन टेट्रा एकेक करून मरताहेत, मदत हवी आहे

सोनचाफा_२
नमस्कार. लेकीच्या हट्टापायी माशांची दोन फुटी टाकी घेतली (२४ × १२ × १२ इंच). वर दोन बोटं रिकामी सोडून साधारण ५० लिटर पाणी बसतं. स्पंज फिल्टर, खाली वाळू, थोडं जावा मॉस (पाणवनस्पती). दहा निऑन टेट्रा आणले होते. आज पाचवा आठवडा आणि उरलेत चार. अंगावर डाग नाही, जखम नाही. आदल्या दिवशी कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून श्वास घेत राहतात आणि सकाळी तळाशी पडलेले सापडतात. शिवाय रात्री अचानक दिवा लावला तर सगळेच पांढुरके, निळी रेघ गायब! दुकानदार म्हणाला निळं औषध टाका. टाकलं, फरक नाही. अस्वच्छता म्हणाल तर अजिबात नाही. दर रविवारी सगळं पाणी काढून टाकी घासते, स्पंज नळाखाली स्वच्छ धुऊन उन्हात वाळवते. आणखी काय करू? लेक रोज शाळेतून आल्यावर आधी मासे मोजते हो.

खेकडा
निऑन डिसीज असणार. त्यावर खात्रीचा इलाज नाही. नाद सोडा, गप्पी पाळा.

ओढ्याकाठी
खेकडा, इतकी घाई नको. त्या रोगात अंगात पांढरे चट्टे येतात, पाठीचा कणा वाकतो, मासा थव्यापासून वेगळा भटकतो. ताईंनी यातलं काहीच लिहिलेलं नाही. रात्रीच्या पांढुरकेपणाची काळजी करू नका. अंधारात निऑनचा रंग उतरतोच, उजेडात थोड्या वेळाने परत येतो.

ताई, एकच सांगा. मासे कोणत्या वारी मेले?

सोनचाफा_२
असं कधी मोजलं नव्हतं. आता लेकीची वही काढून बघितली (ती तारखा लिहिते). पहिले दोन सोमवारी, मग मंगळवार, पुन्हा सोमवार, बुधवार, सोमवार. अरे देवा. म्हणजे रविवारची साफसफाई?

ओढ्याकाठी
हो, तीच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांच्यासाठी विष असतो. स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य. ही वसाहत बसायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर रविवारी नळाच्या क्लोरीनने आणि वर उन्हाने ती मारून टाकता. टाकीचं वय पाच आठवडे असलं तरी फिल्टरचं वय कायम एकच आठवडा. निळ्या औषधानेही हे जिवाणू मरतात, ते बंद करा.

पाणी कुठलं वापरता?

सोनचाफा_२
पुणे, सिंहगड रस्ता. एरवी महापालिकेचं, पण मे महिना असल्याने सोसायटीत टँकर येतात. आरओवाल्याच्या पेनने टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) बघितला. एका रविवारी १४०, दुसऱ्या रविवारी ६१०!

तळ्यात_मळ्यात
मग मासे कसे जगतील? निऑन मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातले, तिथलं पाणी मऊ (कमी क्षारांचं) आणि किंचित आम्लधर्मी. दुकानातले बहुतेक पैदाशीचे असतात, त्यांना मध्यम जड पाणीही चालतं. पण एका दिवसात १४० वरून ६१० वर नेलं तर चालत नाही. शिवाय गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं.

आठवड्याला दहा लिटरच बदला, बारीक नळीने तळाचा गाळ ओढून. नवं पाणी आदल्या रात्री बादलीत भरा, अँटीक्लोरीनचे थेंब टाका, सकाळी ते घरातल्या तापमानाला येतं. टँकरचं असेल तर निम्मं आरओचं मिसळा. स्पंज महिन्यातून एकदा, तोही टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, बस. खाणं दिवसातून एकदा चिमूटभर. दोन मिनिटांत संपलं नाही तर ते जास्त झालं.

आणि थेंबांचा टेस्ट किट घ्या. पाणी काचेसारखं दिसलं तरी अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. आत्ता आकडा वाढलेला आला तर थोडं थोडं पाणी रोज बदला.

खेकडा
माझा सल्ला मागे घेतो. माझे निऑन कसे गेले तेही आत्ता कळलं.

सोनचाफा_२
तीन आठवड्यांनी लिहितेय. सुरुवातीला अमोनिया १ पीपीएम (लिटरला एक मिलिग्रॅम) होता. रोज पाच लिटर बदलत राहिले. मग तो उतरला आणि नायट्राइट चढलं, तेव्हा पोटात गोळाच आला होता. परवापासून दोन्ही शून्य. चारही जण आहेत, पण सारखे मॉसमागे दडून बसतात. आणखी आणू का?

ओढ्याकाठी
चारच आहेत म्हणून दडतात. निऑन थव्याने राहणारा मासा, आठ-दहा असले की मोकळेपणाने फिरतो. आठवडाभर शून्य टिकू द्या. मग सहा आणा, पण दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, एअरपंप लावून. एंजल मासा मात्र दुकानदार कितीही म्हणाला तरी घेऊ नका. मोठा झाला की निऑन गिळतो.

सोनचाफा_२
बरं. शेवटचं एक. काचेवर हिरवं शेवाळ धरलंय, सासूबाईंना ते बघवत नाही. पुसलं तर चालेल ना?

तळ्यात_मळ्यात
समोरची काच पुसा. मागची राहू द्या.