मदत हवी आहे: पिल्लू पश्मी आहे का क्रॉस?
मंडळी, जतच्या पाव्हण्यांकडनं कारवानी (मुधोळ हाउंड) कुत्र्याचं पिल्लू आणलंय, तोंड लांबुडकं, छाती खोल, कंबर एकदम बारीक, पण कानावर आन शेपटीवर मऊ लांब केस यायला लागलेत तर शेजारचे म्हणतात क्रॉस आहे. माझ्या माहितीत तसल्या केसाळ कुत्र्याला पश्मी म्हणतात, मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी वाढवलेली हीच जात ना, 2005 ला पोस्टाच्या तिकिटावर पण आलेली? ही वासापेक्षा नजरेवर शिकार करतात हे मात्र पटलं, लांब बांधावर शेळी हलली तरी गडी साखळी ताणतोय. सांगली-मिरजेकडं कुणी पाळलंय का? कोंबड्यांची सवय कशी लावली, भाकरी-दुधावर भागतं का अंडी पण लागतात? "विकून टाका" असले सल्ले नकोत.