मदत हवी आहे : वडिलांची डिसेबिलिटी पेन्शन २००७ मध्ये नाकारली होती, आता अपील करता येईल का?

माणदेशी_लेक :

नमस्कार. जरा लांब लिहिते आहे, कारण यातलं महत्त्वाचं कोणतं आणि बिनमहत्त्वाचं कोणतं हे मला कळत नाही.

बाबा १९९० मध्ये तोफखान्यात भरती झाले आणि २००७ मध्ये हवालदार म्हणून घरी आले. नेहमीची सर्व्हिस पेन्शन चालू आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न कानांचा आहे. डाव्या कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, उजव्यानं समोर बसून मोठ्यानं बोललं तर येतं. फोन आईच उचलते. गेल्या महिन्यात घरासमोर मागे येणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज त्यांना आला नाही. शेजारच्या काकांनी दंडाला धरून ओढलं म्हणून वाचले. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांची लोखंडी ट्रंक उघडली.

तळाशी एक पत्र मिळालं, २००७ सालचं, इंग्रजीतलं. दोन आजार लिहिलेत : दोन्ही कानांची श्रवणशक्ती कमी, २० टक्के, आणि उच्च रक्तदाब, ३० टक्के. दोन्ही मिळून ४० टक्के, आयुष्यभरासाठी. आणि खाली लिहिलंय की दोन्ही आजार लष्करी सेवेमुळे झालेले नाहीत आणि सेवेमुळे वाढलेलेही नाहीत, सबब डिसेबिलिटी पेन्शन नामंजूर. सहा महिन्यांत अपील करता येईल असंही शेवटी आहे. हे पत्र बाबांनी घरात कुणालाच दाखवलं नव्हतं.

१९९९ मध्ये, कारगिलच्या वेळी, त्यांची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, द्रासला होती, बोफोर्स तोफांवर. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. एकदाच सांगितलं होतं की कानात कापसाचे बोळे घालायचे, पण हुकूम ऐकू यायला हवा म्हणून डाव्या कानातला काढून ठेवायचे. आज तोच कान गेलाय. आणि हा कागद म्हणतो की याचा सेवेशी संबंध नाही. पैशाची गरज आहेच, खोटं कशाला बोलू, पण मला त्या एका ओळीचा जास्त त्रास होतोय.

आता सतरा-अठरा वर्षं उलटल्यावर अपील होतं का? मेडिकल बोर्डाचे मूळ कागद आमच्याकडे नाहीत, ते कुठून मिळतील? तालुक्याला एक गृहस्थ ही कामं करून देतात. थकबाकीतले ३० टक्के मागतायत आणि कोऱ्या कागदावर सही हवी म्हणतात. द्यावी का?

आणखी एक. बाबा स्वतः तयार नाहीत. "ज्यांचे पाय गेले त्यांचा हक्क आहे तो, मी धडधाकट घरी आलोय," म्हणतात. त्यांना काय सांगावं हेही कुणी सुचवलं तर बरं होईल.

निवृत्त_सुभेदार :

ताई, पहिली गोष्ट, कोऱ्या कागदावर सही अजिबात नको. आणि निकालाच्या रकमेत वाटा ठरवून घेणं वकिलालासुद्धा नियमानं चालत नाही, मग हा गृहस्थ कोण लागून गेला?

मी काही वर्षं रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांचे सेवेचे कागद सांभाळतात तिथे, काढली आहेत, त्यामुळे असली पत्रं शेकड्यांनी पाहिली. आमच्यात त्याला 'नाना' म्हणतात. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत ती, म्हणजे सेवेमुळे नाही आणि सेवेनं वाढलेलंही नाही. पत्र हातात पडलं की जवान समजतो, संपलं सगळं. संपलेलं नसतं.

डिसेबिलिटी एलिमेंटला, म्हणजे पेन्शनमधल्या अपंगत्वाच्या रकमेला, दोन अटी : अपंगत्व किमान २० टक्के हवं, आणि ते सेवेमुळे झालेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं हवं. पहिली अट बोर्डानंच मान्य केली आहे, त्यावर भांडायला नको. भांडण फक्त दुसऱ्या अटीचं.

तुमचे वडील २००७ मध्ये आले, म्हणजे त्यांना १९८२ चे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे ही पेन्शन कुणाला द्यायची ते ठरवणारे नियम, लागू. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे २००८ मध्ये नियम बदलले आणि २०२३ मध्ये परत बदलले. कुणी २०२३ चे नियम दाखवून घाबरवलं तर ते त्यानंतर निवृत्त झालेल्यांसाठी आहेत. १९८२ च्या नियमांत लिहिलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट भरती झाला असं धरायचं, पुरावा द्यायचं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही, आणि शंका असेल तर फायदा त्याला द्यायचा. २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हेच उचलून धरलं.

आता मला एक सांगा. डिस्चार्ज बुकमध्ये 'डिस्चार्जचं कारण' म्हणून काय लिहिलंय? शब्दन् शब्द उतरवून टाका. आणि त्यांची मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा दर्जा, कधी उतरली?

शुभा_फलटण :

माझ्या सासऱ्यांच्या केसमध्ये आम्ही हे सगळं केलं आहे, म्हणून कागदांपुरतं सांगते. रेकॉर्ड ऑफिसला वडिलांच्या सहीनं पत्र लिहा, आर्मी नंबर आणि पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा नंबर) टाकून. रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे घरी पाठवताना झालेल्या तपासणीची, पूर्ण प्रत मागा, भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा फॉर्म मागा, आणि कॅटेगरी उतरवली त्या प्रत्येक बोर्डाची प्रत मागा. उत्तर नाही आलं तर तेच माहिती अधिकारात मागा, दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. आम्हाला पत्राला उत्तर आलं नव्हतं, माहिती अधिकारात सगळं आलं. जुने कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, तेव्हा हे काम या आठवड्यातच करा, बाकीचं मागून.

स्पर्श, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर, तक्रार नोंदवून थांबू नका. स्पर्शवरची तक्रार म्हणजे अपील नव्हे. आमचे सहा-सात महिने त्यातच गेले.

आणि अपील राहू दे बाजूला, वडिलांना आधी ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, कानाचं यंत्र मिळवून द्या. पॉलिक्लिनिकमध्ये दाखवायचं, ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवतात, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, होते. तो नवा रिपोर्ट पुढे उपयोगी पडतो ते वेगळंच. ट्रॅक्टरचं वाचून पोटात गोळा आला.

माणदेशी_लेक :

दोघांचेही मनापासून आभार. यंत्राचं मला माहीतच नव्हतं, सोमवारी घेऊन जाते.

सुभेदार काका, डिस्चार्ज बुक सापडलं. कारणाच्या रकान्यात असं आहे : लो मेडिकल कॅटेगरी, कायमची, आणि त्या कॅटेगरीला योग्य अशी पर्यायी नेमणूक उपलब्ध नाही. कॅटेगरी २००३ मध्ये उतरली, तेव्हा ते पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूर शांत ठिकाणी, होते. बाबा म्हणतात की बोर्डाच्या डॉक्टरांनी तेच धरून ठेवलं होतं. आजार पीस स्टेशनला सापडला, मग सेवेचा काय संबंध, असं.

म्हणजे मुदत पूर्ण होऊन आले नव्हते ते. मला इतकी वर्षं वाटत होतं की पेन्शन झाली म्हणून आले.

निवृत्त_सुभेदार :

ताई, हे फार मोठं आहे. तो रकाना झेरॉक्स काढून जपून ठेवा. १९८२ च्या नियमांतला चौथा नियम सांगतो की कायमच्या खालच्या कॅटेगरीमुळे, दुसरं काम देता येत नाही म्हणून ज्याला घरी पाठवलं, तो 'इनव्हॅलिड आउट' झाला असंच समजायचं. म्हणजे तब्येतीमुळे सेवेनं त्यांना परत पाठवलं. "मी धडधाकट घरी आलोय" असं ते म्हणतात ना? त्यांचं डिस्चार्ज बुकच तसं म्हणत नाही. हे त्यांना वाचून दाखवा. फौजी माणूस लेकीचं ऐकणार नाही कदाचित, पण डिस्चार्ज बुकचं ऐकेल.

पीस स्टेशनचं म्हणाल तर तोफखान्याच्या माणसाला तो मुद्दा लावणंच चूक आहे. गोळीचा आवाज काय फक्त फील्डमध्ये होतो? देवळालीच्या रेंजवर फायरिंग होतं तेही ड्यूटीच. आवाजानं कान जातो तो एका दिवसात जात नाही, वर्षानुवर्षं आतल्या आत मरत जातो आणि एक दिवस तपासणीत सापडतो. तो कुठे सापडला याला अर्थ नाही, कशानं गेला ते बघायला हवं. १९९९ च्या पोस्टिंगला पुरावा हवा. ऑपरेशन विजय स्टार, म्हणजे कारगिलचं पदक, मिळालं असेल तर त्याची नोंद सेवेच्या कागदात असते, तीही मागा.

वकिली_टेबल :

सशस्त्र दल न्यायाधिकरणात अशी प्रकरणं चालवतो, म्हणून उशिराच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

उशीर मारक नाही, पण तो महागात पडतो. पेन्शन दर महिन्याला देय असते, त्यामुळे नाकारलेली पेन्शन हा दर महिन्याला चालू राहणारा अन्याय मानतात. २००८ च्या तरसेम सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं, मात्र थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरती धरली. म्हणजे २००७ पासूनचे सगळे पैसे मिळतील या भरवशावर राहू नका. पुढचं आयुष्यभराचं मिळू शकतं, आणि लांबलेल्या प्रत्येक महिन्याबरोबर मागचा एक महिना गळत जातो.

मार्ग असा. आधी रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिलं अपील पाठवा, उशिराची खरी कारणं लिहून विलंब माफी मागा. वडिलांनी पत्र घरात कुणाला दाखवलंच नाही, हे कारण जसं आहे तसंच लिहा, कहाणी रचू नका. नामंजूर झालं तर दुसरं अपील आहे. सहा महिने काहीच उत्तर आलं नाही तरी न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडतो. महाराष्ट्रासाठी मुंबई खंडपीठ आहे. निवृत्त माणसाला तो राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करता येतो, त्याची रेजिमेंट देशात कुठेही असो. वकील न देता स्वतः उभं राहण्याचीही मुभा आहे.

आता पैशांचं गणित, कारण ते या केसमध्ये महत्त्वाचं आहे. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के डिसेबिलिटी एलिमेंट मिळतं, बाकीच्यांना त्या प्रमाणात. पण ब्रॉड बँडिंग म्हणून नियम आहे, त्यात ५० च्या खालचं अपंगत्व ५० धरलं जातं. तुमच्या वडिलांचे ४० टक्के ५० होतील. आणि नुसते कान मान्य झाले, रक्तदाब नाही झाला, तरी २० टक्क्यांचे ५० च होतील. रक्कम तीच. म्हणून रक्तदाबाचा मुद्दा लिहा जरूर, पण सगळा जोर कानांवर लावा. मी अशिलांच्या अर्जांत नेहमी बघतो, भक्कम मुद्दा तिसऱ्या पानावर आणि कच्चा मुद्दा पहिल्या.

एक सावधगिरी. सुप्रीम कोर्टाच्या अलीकडच्या काही निकालांत मेडिकल बोर्डाच्या मताला बरंच वजन दिलेलं आहे, त्यामुळे धरमवीर सिंगचं नाव घेतलं की काम झालं असं नाही. पण बोर्डानं कारण न देता नुसतं 'संबंध नाही' लिहिलं असेल तर ते मत लंगडं पडतं. म्हणून बोर्डाची पूर्ण प्रत मिळाल्याशिवाय अपील लिहायला घेऊ नका. कारणाच्या रकान्यात काय आहे, एक ओळ की काहीच नाही, यावर पुष्कळ काही ठरेल.

वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नालसानं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, २०२५ मध्ये सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी मोफत कायदेशीर मदतीची योजना सुरू केली आहे, त्याची चौकशी तिथेच करा.

माणदेशी_लेक :

सर्वांना कळवते. शनिवारी डिस्चार्ज बुक घेऊन बाबांसमोर बसले. ती ओळ मोठ्यानं वाचली, मग पाटीवर मराठीत लिहून दाखवली. त्यांनी पाटी हातात घेतली आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं होतं मीच कमी पडलो म्हणून पाठवलं." इतकी वर्षं हे मनात घेऊन बसले होते, आणि आम्हाला वाटायचं की ते मुळातच अबोल आहेत.

रेकॉर्ड ऑफिसचं पत्र मी लिहिलं, त्यांनी वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती केली. कॅटेगरी उतरल्याचा महिना मी चुकवला होता. सही करताना आधी आर्मी नंबर लिहिला, मग हुद्दा, मग नाव. स्पीड पोस्टनं पाठवलंय, पावती डिस्चार्ज बुकातच ठेवली आहे. स्टार ट्रंकेतच होतं, आईच्या जुन्या रुमालात गुंडाळलेलं.

तालुक्याच्या त्या गृहस्थांना नाही म्हणून सांगितलं.

वकीलसाहेब, एकच विचारते. त्यांच्याबरोबर त्याच तोफेवर असलेले एक काका आता नगर जिल्ह्यात आहेत, त्यांनाही ऐकू येत नाही. कापसाच्या बोळ्यांचं आणि एक कान उघडा ठेवण्याचं त्यांनी लिहून दिलं तर अपिलाला जोडता येईल का? आणि ते साध्या कागदावर चालेल की प्रतिज्ञापत्र करावं लागेल? बाबा म्हणतायत की त्या काकांचं पत्रही 'नाना'च आलं होतं, तेव्हा त्यांचंही अपील बरोबरच करू.